एकाच दाराचं रिसॉर्ट

नेपरव्हिल, ११ जानेवारी २०२५

अनीश,

पाकिटावरचं अक्षर ओळखूनही तू हे फाडून टाकलं नसशील, या आशेवर लिहिते आहे. दोन वर्षं आणि तीन महिने झाले आपण बोललो नाही. फोन तू उचलत नाहीस. मेसेज मी करत नाही, कारण माझ्या फोनवरचे मेसेज हॉलमधल्या आयपॅडवरही उमटतात आणि आयपॅड दिवसभर बाबांच्या मांडीवर असतो. म्हणून कागद.

काम साधंच आहे. मार्चमध्ये आमच्या लग्नाला पस्तीस वर्षं होतात. स्वानंदीने आम्हाला कॅरिबियनची ट्रिप भेट द्यायची ठरवलं आहे. ऑल-इन्क्लुझिव्ह रिसॉर्ट म्हणे. मनगटात पट्टी बांधतात, आणि मग राहणं, खाणं, पिणं, सगळं एकाच आवारात. तिने सिअ‍ॅटलहून तीन लिंक पाठवल्या आणि म्हणाली, आई, तू फक्त एक निवड, बाकी सगळं मी करते. तिला वाटतंय यात काय अवघड आहे.

पहिलं जमैकाचं. डोंगरउतारावर खोल्या, प्रत्येक खोलीला समुद्रावर झुकलेली मोठी बाल्कनी. स्वानंदीचं मन त्यातल्या स्विम-अप खोलीवर आहे. म्हणजे काचेचं दार सरकवलं की दोन पायऱ्या, आणि लगेच पोहण्याचा तलाव. मी तिला म्हटलं, मला क्लोरिनचा वास सोसत नाही. दुसरं अरूबाचं. लहान आणि सुरेख, पण समोरूनच रस्ता जातो आणि पाहुणे संध्याकाळी गावात भटकायला निघतात. तिसरं पुंता कानाचं. अवाढव्य आहे, लहान मुलं असलेली कुटुंबं तिथे जातात, खाणं काही खास नाही असं बऱ्याच लोकांनी लिहिलंय. पण त्याला भिंत आहे. फाटक एकच, आणि तिथे पहारेकरी.

तू नकाशे वाचणारा माणूस. तिन्ही रिसॉर्टचे नकाशे छापून सोबत जोडलेत. तिसऱ्यावर मी पेन्सिलीने खुणा केल्या आहेत. किनाऱ्याकडची बाजू मात्र सगळीकडेच उघडी दिसते. तिथून एखादा माणूस चालत निघाला तर कुठे पोचेल, आणि त्याला मध्ये कोण अडवेल, एवढं बघून सांगशील का?

का विचारते आहे ते विचारू नकोस. मला आताशा पाण्याची भीती वाटते, इतकंच धर.

बाबा बरे आहेत. बर्फ खूप पडलाय. उपासनाला माझा आशीर्वाद सांग, ती घेणार असेल तर.

आई


नेपरव्हिल, २७ जानेवारी

अनीश,

उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं, तरी रोज दुपारी मेलबॉक्सपर्यंत जाऊन येते.

तिन्ही रिसॉर्टना मी स्वतः फोन केले. बाबा आंघोळीला गेले की गराजमध्ये जाऊन, गाडीत बसून. माझे प्रश्न ऐकून पलीकडची माणसं गोंधळतात. मी व्ह्यू विचारत नाही, बुफे विचारत नाही. खोलीच्या दाराला आतून वर कडी आहे का, हात पोचणार नाही इतक्या उंचीवर? तळमजल्यावरची खोली पाण्यापासून किती लांब? समुद्रावर लाइफगार्ड किती वाजेपर्यंत असतो? पुंता कानाच्या बाईने शेवटी मायेने विचारलं, तुमच्याबरोबर लहान मूल आहे का? मी हो म्हणून बसले. तिने वय विचारलं. म्हटलं, चार. मुलगा आहे, फार पळतो. ती हसली आणि म्हणाली, काळजी करू नका, आमच्या दारांना वर कडी असते, आणि मुलांना केशरी पट्टी बांधतो, केशरी पट्टीवालं कुणी एकटं दिसलं की स्टाफ लगेच थांबवतो.

फोन ठेवल्यावर मी गाडीत बराच वेळ बसून राहिले. मला ती केशरी पट्टी हवी होती, अनीश. चौसष्ट वर्षांच्या माणसासाठी.

आता तुला कळलंच असेल. तरी अजून थोडं सांगते, सगळं नाही.

मागच्या मंगळवारी, थर्मामीटर शून्य फॅरनहाइटच्या खाली होता त्या दिवशी, दुपारी मी कपडे वाळवायला बेसमेंटमध्ये उतरले. वर आले तर पुढचं दार उघडं आणि हॉलमध्ये बर्फाचा भुगा. बाबांचे बूट जागेवर होते. गाडी गराजमध्ये होती. आधी मी बॅकयार्ड पाहिलं, मग रस्ता, मग तळ्याकडची वाट. तळं गोठलेलं होतं, आणि त्यावर कुणाची तरी पावलं उमटली होती. ती कुणा मुलांची असणार, पण त्या वेळी मला ते सुचलं नाही. मी काठाकाठाने हाका मारत धावले. उल्हास, उल्हास. पस्तीस वर्षांत मी त्यांना रस्त्यावर नावाने हाक मारली नव्हती.

फोन वाजला तो मेट्रा स्टेशनवरून. तिकीटखिडकीतल्या बाईने त्यांच्या खिशातला फोन घेऊन लावला होता. बाबा प्लॅटफॉर्मवर बसले होते, शिकागोच्या गाडीची वाट बघत. अंगात ओव्हरकोट, पायात नुसते मोजे. ऑफिस सोडून त्यांना दोन वर्षं झाली आहेत. मला बघून म्हणाले, "आज गाडीला फार उशीर झालाय, शुभा."

डाव्या पायाची दोन बोटं अजून काळीनिळी आहेत. दुसऱ्या दिवशी मी सगळ्या दारांना बझर बसवले. दार उघडलं की टीं-टीं वाजतं. स्वानंदीला सांगितलं, आसपास चोऱ्या वाढल्यात.

आई


नेपरव्हिल, ९ फेब्रुवारी

अनीश आणि उपासना,

या वेळी पाकिटावर दोघांची नावं घातली आहेत. अनीशने उघडलं नाही तर उपासना, तू उघड. हे खरं तर तुलाच आधी सांगायला हवं होतं.

बाबांना अल्झायमर आहे. डॉक्टरांनी नाव दिलं त्याला वीस महिने झाले. सुरू त्याआधीच झालं होतं. तुमच्या लग्नाच्या दिवशी ते होतं.

त्या दिवसाचं मी तुम्हाला खोटं सांगितलं. खरं काय घडलं ते असं. तिकडे टेक्सासात, प्लेनोच्या त्या हॉलमध्ये सगळे जमले होते. पुढे बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांची तसबीर, पांढरी फुलं, भन्तेजी येऊन बसले होते. बाबा म्हणाले, चष्मा गाडीत राहिला, घेऊन येतो. भाड्याची गाडी, परकं शहर. ते बाहेर गेले आणि पार्किंगमध्ये उभं राहिल्यावर आपण कुठे आलोय आणि कशासाठी, हे त्यांना आठवेना. गाडी सुरू करून ते हायवेला लागले. दीड तासाने त्यांनी माझा फोन उचलला. मी म्हटलं, कुठे आहात? ते म्हणाले, माहीत नाही. मी म्हटलं, जवळ कुणी असेल त्याच्या हातात फोन द्या. मॅकिनीच्या पुढचा एक गॅस स्टेशनवाला होता, त्याने पत्ता सांगितला.

मी टॅक्सीने पोचले तेव्हा ते गाडीतच बसून होते. पँट ओली झाली होती. जो माणूस आयुष्यभर शर्टाची घडी मोडू देत नव्हता, त्याने माझा हात धरून सांगितलं, "कुणाला सांगू नकोस. हवं तर सांग, मला हे लग्न पटलं नाही म्हणून निघून गेलो. रागावलेला बाप म्हणू देत. वेडा नको."

आणि मी तेच सांगितलं. अनीश, तू फोनवर विचारलंस, बाबा गेले कुठे, आणि मी म्हटलं, त्यांना हे पटलेलं नाही. तू पुढे काहीच विचारलं नाहीस. का विचारावंस? लग्नाच्या चार महिने आधी ह्याच घरातल्या स्वयंपाकघरात बाबा मला म्हणाले होते, आपल्यातली कुणी मिळाली नसती का याला? तू जिन्यावर होतास, तू ऐकलंस, हे मला माहीत आहे. मीही त्यांना गप्प केलं नव्हतं. पुढे उपासना घरी येत-जात राहिली आणि ते निवळले, लग्नासाठी त्यांनी स्वतः कुर्ता शिवून घेतला होता. पण ते वाक्य घरात होतंच. म्हणून माझं खोटं इतकं सहज खपलं.

उपासना, तुझे आईवडील नागपूरहून आले होते. तुझ्या आजी, जाईबाई, पहिल्यांदा विमानात बसल्या होत्या. त्यांच्यासमोर नवऱ्यामुलाचा बाप मांडवातून उठून गेला, आणि का गेला याचा सगळ्यांनी एकच अर्थ लावला. तो अर्थ मी पुसू शकत होते. एका वाक्यात. मी पुसला नाही. लोकांनी आम्हाला जातीवरून वाईट म्हटलं तरी चालेल, पण आजाराचं कळायला नको, असं मला वाटलं. असं वाटणारी बाई मी आहे. आजारपणात माणूस घाबरतो, पण मी तर ते ओझं तुमच्या डोक्यावर देऊन मोकळी झाले.

पुढे डॉक्टरांनी नाव दिलं तेव्हाही सांगता आलं असतं. बाबांनी पुन्हा शपथ घातली. आणि तोवर मलाच सवय झाली होती.

तुम्ही म्हणाल, मग ट्रिप कशाला? कॅन्सल का नाही करत? स्वानंदीला कारण द्यावं लागेल हे एक. दुसरं बाबांचं. त्यांचे काही दिवस अगदी लख्ख असतात. तशा एका सकाळी ते चहा घेताना म्हणाले, "शुभा, एकदा समुद्रावर जाऊ. समुद्र आहे हे कळतंय तोवर."

मी तिसरं रिसॉर्ट निवडलं. भिंतीचं. स्वानंदी थोडी खट्टू झाली, म्हणाली, आई, ते फारच बोअरिंग आहे गं. २ मार्चला निघतो. मला फार भीती वाटते आहे. खाली रिसॉर्टचा नंबर लिहिला आहे.

शुभा


पुंता काना, ४ मार्च

अनीश,

हे कदाचित पोस्टात टाकणारच नाही. लिहिते आहे, कारण इथे कुणाशी बोलायची सोय नाही. बाबा समोर आरामखुर्चीत आहेत आणि मी टेबल दाराला लावून बसले आहे.

विमानात ठीक होते. उतरल्यावर उकाड्याने गडबडले, पण बसमध्ये माझा हात सोडला नाही. रिसेप्शनवर आमच्या मनगटात निळ्या पट्ट्या बांधल्या आणि त्या मुलीने इकडेतिकडे बघत विचारलं, तुमचा मुलगा कुठे आहे? तिच्या हातात केशरी पट्टी तयार होती. मी म्हटलं, तो येऊ शकला नाही. तिने सॉरी म्हटलं आणि पट्टी ड्रॉवरमध्ये टाकली. ती मागून घ्यायचं धैर्य मला झालं नाही.

पण खोली लावणाऱ्यांना ते कुणी कळवलंच नव्हतं. आमच्या पलंगाशेजारी एक छोटा पलंग लावलेला होता. वर कासवाच्या आकारात दुमडलेला टॉवेल, लहानशी बादली आणि फावडं. मी ते उचलून ठेवेपर्यंत बाबा तिथे पोचले होते. त्यांनी चादरीवरून हात फिरवला आणि आवाज खाली आणून म्हणाले, "अनीश कुठे गेला?"

मी म्हटलं, अनीश मोठा झालाय, टेक्सासला असतो. ते हो म्हणाले. पाच मिनिटांनी पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत किती वेळा ते मी मोजलं नाही. हाउसकीपिंगला फोन करून छोटा पलंग काढायला सांगितला, ते उद्या म्हणाले.

आज सकाळी आम्ही समुद्रावर गेलो. पाणी इतकं निळं आहे की खोटं वाटतं. बाबा खुर्चीत बसले, पाय वाळूत रोवले, आणि खूप दिवसांनी त्यांच्या कपाळावरची आठी गेली. म्हणाले, काय छान आहे गं. अर्धा तास तसा गेला. त्या अर्ध्या तासासाठी मी आले होते. मग समोर एक मूल, असेल तीन-चार वर्षांचं, लाटेबरोबर पडलं, त्याच्या आईने लगेच उचललं. बाबा ताडकन उठले. "अनीश पाण्यात गेलाय," म्हणाले, आणि चालत सुटले. घोट्याएवढं पाणी, गुडघ्याएवढं, कमरेएवढं. मी साडीतच असते तर बुडाले असते, पँट होती म्हणून मागे धावू शकले. त्यांची ताकद अजून तशीच आहे. मी त्यांना दोन्ही हातांनी धरलं तर ते मला ओढत पुढे जाऊ लागले. लाइफगार्ड आला. मी हसून सांगितलं, माझे मिस्टर चेष्टा करताहेत. तोही हसला.

अजून, इतकं होऊनही, मी हसून सांगितलं.

म्हणून आता आम्ही खोलीत आहोत. वरची कडी लावली आहे आणि घरून आणलेला बझर दाराला चिकटवला आहे. अजून चार दिवस. मी आंघोळ पाच मिनिटांत उरकते आहे. ते झोपले तरच डोळा लावते. मला वाटलं होतं भिंत असली की धीर येईल. भिंतीच्या आत मी एकटीच पहारेकरी आहे.

आई


पुंता काना, ७ मार्च

अनीश,

हे हॉस्पिटलमधून लिहिते आहे. अक्षर वाकडं आहे, कारण आडवी पडून लिहिते. स्वानंदी काल आली. ती या पत्राचे आणि आधीच्या पत्राचे फोटो काढून तुला पाठवणार आहे.

परवा, ५ तारखेला, सकाळी आठच्या सुमारास मी शॉवरखाली होते. बझर वाजला. वरची कडी मीच लावायला विसरले होते की बाबांनी खुर्चीवर चढून काढली, ते मला कधीच कळणार नाही. मी साबणाच्या पायांनी तशीच धावले. बाथरूमच्या उंबऱ्यावर पाय सरकला आणि मी डाव्या अंगावर पडले. आतून काहीतरी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला.

बाबा गेले नव्हते. त्यांनी दार नुसतं उघडून बाहेर पाहिलं होतं. ते परत आले आणि माझ्याकडे बघत उभे राहिले. म्हणाले, "शुभा, ऊठ ना." मी म्हटलं, मला उठता येत नाही, तो फोन उचला आणि शून्य दाबा. ते फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलला, कानाला लावला, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, शून्य. गोल. ते बटणांवर बोट फिरवत राहिले, मग त्यांनी रिसीव्हर हळूच जागेवर ठेवला, आणि मला म्हणाले, कुणी बोलत नाही.

माझा मोबाइल पलंगाच्या पलीकडे चार्जिंगला होता. मी तो मागितला तर त्यांनी पलंगावरची चादर आणून माझ्या अंगावर घातली, नीट, खांद्यापर्यंत. मग चपला घातल्या. मी म्हटलं, उल्हास, जाऊ नका. इथे बसा, माझ्याजवळ. त्यांनी मान हलवली आणि ते गेले. बझर टीं-टीं वाजला, दार लागलं, आवाज थांबला.

अनीश, मी तुला भीतीबद्दल आधी जे लिहिलं ते काहीच नव्हतं. मी हलले की डोळ्यांपुढे अंधार यायचा. दारापासून समुद्रापर्यंत दोनशे चाळीस पावलं आहेत, मीच मोजली होती. मी ओरडले, पण बाहेर तलावाशी गाणी लावलेली होती. इतक्या लोकांच्या त्या जागेत, यांना काय झालंय हे एकालाही माहीत नव्हतं. मीच तशी व्यवस्था केली होती. कुणी त्यांना पाण्याकडे जाताना पाहिलं असतं तर हात हलवून गुड मॉर्निंग म्हटलं असतं. मला वाटलं, ते आता तुला शोधायला गेले, आणि मी इथे पडून त्यांना मारलं.

पाऊण तास झाला असं नंतर कळलं. दार उघडलं. खोल्या आवरणारी एक बाई होती, आणि तिच्या मागे बाबा, हातात प्लेट. प्लेटमध्ये दोन टोस्ट आणि कलिंगडाच्या फोडी. ते बुफेपर्यंत गेले होते, बरोबर वाढून घेतलं होतं, आणि परत येताना इमारत चुकले. दुसऱ्या ब्लॉकच्या प्रत्येक दाराला आमचं कार्ड लावून बघत होते. त्या बाईला काहीतरी वेगळं वाटलं. तिने कार्ड घेतलं, खाली विचारून खोली शोधली आणि त्यांना घेऊन आली. मला बघितल्यावर ती किंचाळली. बाबा माझ्याजवळ खाली बसले आणि म्हणाले, "तू उठत नव्हतीस. म्हटलं, भूक लागली असेल."

अ‍ॅम्ब्युलन्समध्ये डॉक्टरने विचारलं, तुमच्या मिस्टरांना काही आजार आहे का? पहिल्यांदा मी तो शब्द मोठ्याने म्हटला. तोवर मी तो फक्त कागदावर लिहिला होता, तुला. डॉक्टरने नर्सला सांगितलं, यांना एकटं सोडू नका. एवढंच. कुणी हसलं नाही, कुणी दचकलं नाही. नर्सने माझ्या खोलीत त्यांच्यासाठी कोच लावला. ते माझ्या पलंगाच्या कठड्याला हात धरून झोपले.

स्वानंदीला मी सगळं सांगितलं. लग्नाच्या दिवसाचंही. ती रडली नाही. फक्त "सिन्स व्हेन, आई?" असं विचारलं, आणि मी सांगितल्यावर खिडकीकडे जाऊन उभी राहिली. मग म्हणाली, दोन वर्षं मी दादाला शिव्या घालत होते, की बाबांशी एकदा बोलायला काय जातं.

खुब्याचं हाड मोडलंय. इथे ऑपरेशन झालं, १२ तारखेला शिकागोला नेतील.

आई


नेपरव्हिल, ३० मार्च

अनीश,

तू गुरुवारी येतो आहेस, असं उपासनाने सांगितलं. भेटण्याआधी हे तुझ्या हातात पडावं म्हणून रिहॅब सेंटरमधल्या टेबलावर बसून लिहिते आहे. मी वॉकर धरून वीस पावलं चालते. स्वानंदी घरी बाबांजवळ राहून काम करते आहे. दिवसा चार तास एक बाई येते. शेजारपाजारी, स्टेशनवरच्या त्या तिकीटखिडकीतल्या बाईला, लायब्ररीत, सगळ्यांना आता माहीत आहे. भीती गेली असं नाही. बझर अजून आहेत. पण आता तो वाजला की मी एकटीच धावायची नाही, हे मला कळलंय.

उपासनाचा फोन मागच्या शनिवारी आला. तिने मला आई म्हटलं नाही, काकूही नाही. ती म्हणाली, "मी तुमची पत्रं वाचली. पहिली दोन अनीशने उघडलीच नव्हती, नंतर मीच उघडून त्याला वाचून दाखवली. बाबांसाठी मला वाईट वाटतंय. तुमच्यावर मी रागावलेली आहे, आणि तो राग आत्ता जाणार नाही. ते राहू दे. पण माझ्या घरच्यांना हे मी सांगणार नाही. तुम्ही सांगा."

मी तिला म्हटलं, सांगते. फोन करायला मला आठवडा लागला. लाटेत बाबांना धरताना वाटली नव्हती इतकी भीती नागपूरचा नंबर लावताना वाटली. काल संध्याकाळी लावला. तिकडे सकाळ होती. उपासनाच्या वडिलांनी, ज्ञानदेवरावांनी उचलला. मी नाव सांगितलं. ते एवढंच म्हणाले, बोला.

मी सगळं सांगितलं. चष्मा, पार्किंग, गॅस स्टेशन, ओली पँट, आणि मी काय बोलले ते. स्वयंपाकघरातलं वाक्यही सांगितलं, ते गाळलं असतं तर पुन्हा अर्धंच खरं झालं असतं. मागे जाईबाईंचा आवाज येत होता, कोण आहे रे, कोण आहे. माझं झाल्यावर मी म्हटलं, मला माफ करा असं मी म्हणणार नाही, तेवढं तोंड मला नाही. फक्त तुम्हाला हे माझ्याकडून कळावं.

मला वाटलं, ते आता फोन ठेवतील. त्यांच्या जागी मी ठेवला असता.

मग ते म्हणाले, "वहिनी, त्या दिवशी आम्ही दोन तास लग्न थांबवून धरलं होतं. पुढच्या रांगेतली त्यांची खुर्ची आई कुणाला बसू देत नव्हती. दीडशे माणूस होतं हॉलमध्ये, निम्म्यांकडे गाड्या होत्या. तुम्ही नुसतं म्हणाला असता की ते हरवलेत, तर आम्ही सगळेच्या सगळे शोधायला निघालो असतो."

त्यांचं वाक्य मी इथे जसंच्या तसं उतरवलं आहे, अनीश.

गुरुवारी ये. बाबा तुला ओळखतील की नाही, ते मी सांगू शकत नाही. परवा त्यांनी स्वानंदीला दोनदा ताई म्हटलं. ओळखलं नाही तर त्यांना नाव सांग, मुलगा आहे म्हणून सांग, आणि पुन्हा विचारलं तर पुन्हा सांग. उपासनाला म्हणावं, माझ्याशी बोलली नाही तरी चालेल. बाबांना मात्र कुणीतरी धरून बाहेर फिरवून आणलेलं आवडतं. तळ्याच्या बाजूने नका जाऊ.

शुभा